दुसऱ्या मजल्यावरचे माहेर

धाराशिवला कोणी सहलीला जात नसते, असे आमच्या पुण्याच्या सोसायटीतील बाकावर बसणाऱ्या मंडळींचे मत आहे. ही मंडळी दरवर्षी महाबळेश्वरला जाऊन पावसात अडकलेल्या गाड्यांचे दर्शन घेऊन येतात आणि त्याला विश्रांती म्हणतात. तेव्हा त्यांच्या मताला किती वजन द्यावे हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही धाराशिवला गेलो, लहान मुलांसह तेथे फ्लॅट भाड्याने घेऊन राहिलो आणि सुखरूप परत आलो.

मात्र त्या मुक्कामात काय घडले याची सध्या तीन वर्णने फिरत आहेत. पहिले माझा मुलगा मिलिंद आपल्या कचेरीत सांगतो. दुसरे आमच्या सौभाग्यवती फोनवरून आपल्या बहिणींना सांगतात. तिसरे माझा भाचा बापू ढोकीच्या चहाच्या टपरीवर सांगतो, आणि तेच सर्वांत लोकप्रिय आहे. तिन्ही वर्णनांचा आपसांत मेळ नाही. मी हास्यास्पद ठरतो, एवढ्या एकाच बाबतीत तिघांचे एकमत आहे. म्हणून हे चौथे, आणि खरे, वर्णन.

फ्लॅटची निवड

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, निवृत्तीनंतर वाशीचे घर विकले आणि मुलाकडे पुण्याला आलो. तो निर्णय योग्य होता. त्यावर मी येथे चर्चा करणार नाही.

चर्चा करणारी व्यक्ती वेगळीच आहे. माझी थोरली बहीण अक्का त्याच जिल्ह्यात ढोकीला दिलेली. तिचे घर साखर कारखान्याच्या रस्त्यावर आहे. मला घरात सारे दादा म्हणतात. तात्या म्हणणारे माणूस आता ती एकटीच उरली आहे. वाशीचे घर गेल्यापासून ती ढोकीत येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवते, "तात्यानं घर इकलं आन् माझं माहेर मिटलं." मी तिला अनेकदा समजावले की माहेर विटांत नसते, भावात असते. तिला पुण्यालाही आणले. सातव्या मजल्यावर ती एक रात्र कशीबशी झोपली आणि सकाळी म्हणाली, "तात्या, हितं तुझ्या सुनेचं घर हाय, लेकाचं घर हाय. तुझं कुठंय?" आणि पहिल्या गाडीने परत गेली. दिवाळीत लेकीबाळी माहेरी निघाल्या की ही बाई दार लावून घरात बसते, असे बापूने मला सांगितले होते. हे वाक्य माझ्या मनात किती दिवस रुतले होते ते सांगणे येथे अप्रस्तुत आहे.

मुलांना आपला जिल्हा दाखवावा, ही कल्पना माझी. तेथे फ्लॅट घ्यावा, ही सूनबाईची. केतकी पुण्याची, हुशार आणि नीटनेटकी. अन्वी सहा वर्षांची आणि ईशान अडीच वर्षांचा. त्यामुळे दुधाला फ्रिज हवा, कपडे धुण्याचे यंत्र हवे, कमोड हवा आणि गॅलरीला जाळी हवी, अशा तिच्या अटी होत्या. त्या वाजवी होत्या हे मी मान्य करतो. धाराशिवच्या नव्या वस्तीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, दोन खोल्यांचा फ्लॅट तिने मोबाइलवरून शोधला. जाहिरातीत लिहिले होते, "घरबसल्या बालाघाटच्या डोंगररांगा." हे वाक्य खोटे नव्हते. न्हाणीघराच्या झडपेतून, टाचा उंचावल्या असता, डोंगराचा एक तुकडा दिसत असे.

मी एकच अट घातली: आपण आल्याचे अक्काला आधी कळवायचे नाही. आमच्याकडे बहिणीच्या मुलखात जाऊन भाड्याच्या घरात उतरणे म्हणजे तिच्या दारावरून पाठ फिरवून जाणे होय. तिला कळले असते तर तिने मुलांसकट आम्हाला ढोकीला नेले असते आणि केतकीचे सारे नियोजन कोलमडले असते. शेवटच्या दिवशी साडीचोळी घेऊन रीतसर तिच्याकडे जायचे, असे मी ठरवले होते. साडी बॅगेत होती. "हे अक्काला घाबरले," या सौभाग्यवतींच्या विधानाला ही साडी पुरेसे उत्तर आहे.

वाशी, तेरखेडा आणि कुलूप

दिवाळी सरली होती, मुलांची सुट्टी उरली होती. मी आग्रहाने वाट वाकडी करून गाडी वाशीवरून न्यायला लावली. आमच्या जुन्या घराच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. अन्वीने विचारले, "आजोबा, तुम्ही दुकानात राहायचात?" मिलिंद हसला. मी बाजारात उतरून खवा घेतला. पुण्यात जे खव्याच्या नावाने विकतात त्याबद्दल न बोललेलेच बरे.

पुढे तेरखेडा लागले. फटाके तयार करणारे गाव, दिवाळी संपल्यावर लग्नसराईची वाट पाहत निवांत बसलेले. मुलांसाठी फुलबाज्या घेताना दुकानदार म्हणाला, "बाबा, शिळ्या दिवाळीला निघालाव व्हय?" मी त्याला सांगितले की दिवाळी शिळी होत नाही. त्याने फुलबाज्यांचा एक पुडा वर दिला, यावरून माझे म्हणणे त्याला पटले असावे.

फ्लॅटची मालकीण लातूरला राहत होती आणि केवळ मोबाइलमधून प्रकट होत असे. तिचे नियम आमच्याआधीच पोहोचले होते. बाहेरचे पाहुणे आणू नयेत. चादरींना तेल लावू नये. गॅलरीत फटाके उडवू नयेत. बुधवारी अकराला घर रिकामे करावे. दाराबाहेर कॅमेरा होता आणि दाराला किल्लीऐवजी आकड्यांचे कुलूप होते. दार ओढले की आपोआप बंद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवर दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलो आणि दार बंद झाले. मला आकडे आठवले नाहीत, असे मिलिंद सांगतो. मला आकडे पूर्ण आठवत होते. परंतु ज्या घरात आपली माणसे झोपलेली आहेत त्या घरात आकडे दाबून शिरणे मला अपमानास्पद वाटले. मी दार वाजवले. कोणी उठले नाही. अखेर लातूरहून मालकिणीने मिलिंदला फोन करून उठवले, कारण तिला कॅमेऱ्यात "एक बनियनवाले आजोबा" दिसत होते. दाराला साधी कडी असती तर हा प्रसंग ओढवला नसता.

तेर आणि ढोकीचा रस्ता

फिरण्याचा पहिला दिवस धाराशिवच्या लेण्यांत गेला. डोंगराच्या कुशीत कोरलेली ती भव्य दालने पाहून मी मुलांना दगड आणि काळ यांविषयी चार शब्द सांगू लागलो. तेवढ्यात ईशानला एका कोनाड्यात सरडा दिसला आणि शतकांचे शिल्प त्या सरड्यापुढे फिके पडले. पावसाळा चांगला झाला होता. तूर फुलावर होती, काळ्या रानात ज्वारी गुडघाभर आली होती. केतकी म्हणाली, "दादा, इथं इतकं हिरवं असतं हे मला माहीतच नव्हतं." मी म्हणालो की दुष्काळाच्या बातम्या वाचून मराठवाडा समजत नाही. तिने ते मान्य केले. हे तिच्या स्वभावाचे मोठेपण आहे.

दुसऱ्या दिवशी तेर. तेथील संग्रहालयात जुन्या काळच्या वस्तू फार देखण्या मांडल्या आहेत. अन्वीने एका मातीच्या खेळण्याकडे पाहून विचारले, "हे कुणाच्या मुलीचं होतं?" संग्रहालयात इतका योग्य प्रश्न मी मोठ्या माणसांकडून ऐकलेला नाही.

परतताना ढोकीवरून जायचे नाही, असे मी स्पष्ट बजावले होते. मिलिंदने मोबाइलमधल्या नकाशातील बाईचे ऐकले. ती बाई ढोकीची असावी.

गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, रस्त्याच्या कडेला पडलेली उसाच्या शेंड्यांची वाढी, हवेत मळीचा आंबूस वास. आमच्यापुढे एक ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढत आपल्या मर्जीने चालला होता. मिलिंद पुणेरी पद्धतीने हॉर्न वाजवू लागला. ट्रॅक्टर थांबला. चालक सावकाश उतरला, मुंडाशाचे टोक झटकत आमच्याकडे आला.

"ओ पाव्हणं, हॉर्न कुणाला वाजिवताय? उसाला पंख फुटणारेत काय?"

तो बापू होता.

या क्षणी मी पुढच्या सीटखाली लपलो, असे टपरीवरचे वर्णन आहे. वस्तुस्थिती अशी की ईशानने बूट काढून फेकला होता आणि तो खाली गेला होता. ईशान बूट फेकतो, हे आमच्या सोसायटीत सर्वज्ञात आहे.

"आरं, मिलिंद? तू?" बापू काचेशी वाकला. "आन् मामी! मामा कुठंयत?"

"आजोबा खाली आहेत," अन्वी म्हणाली.

"मामा, खाली काय हुडकताय?"

"बूट."

"घावला का?"

"घावला."

"मग या की वर."

मी वर आलो. बापूने मला वाकून नमस्कार केला. तो रीतीला चुकणारा नाही. मग विचारले, "कवा आलाव? उतरलाव कुठं?"

कोणी काही सांगण्यापूर्वी केतकीने सरळ मनाने सांगून टाकले, "धाराशिवला फ्लॅट घेतलाय, भाऊजी. चार दिवस, भाड्यानं."

"भाड्यानं," बापू म्हणाला. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, कोणी ओरडत होते. त्याने तिकडे पाहिलेही नाही. "आमचं घर हितं हाकेवर असताना. भाड्यानं. मामा, आता आईला काय सांगू?"

"सांग, मामा बुधवारी येणार आहेत."

"बुधवारचं तिला काय करायचंय? ती आजचं विचारंल."

अक्का

दिवेलागणीला दारावर थाप पडली. बाहेर घंटी होती, कॅमेरा होता, पण ही थाप तळहाताची होती आणि तिची घाई मला ओळखीची होती. मी दार उघडले.

अक्का जिना चढून आली होती. डोक्यावर पदर, काखेत बोचके, हातात पिशवी. मागे बापू, नजर चुकवत. अक्काने उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच आत पाहिले: सोफा, पंखा, भिंतीवरचे पॅरिसचे चित्र.

"तात्या, हे कुणाचं घर?"

वाचकहो, हा प्रश्न साधा नव्हता. माझे म्हटले, तर बहिणीला बोलावले का नाही? परक्याचे म्हटले, तर बहिणीचे घर सोडून परक्याकडे का उतरलास? पाटबंधारे खात्यात मी वरिष्ठांच्या अनेक कठीण प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या वेळी मी पंखा लावला.

"मी इचारलं, हे कुणाचं घर?"

उत्तर अन्वीने दिले. "आपलं आहे ना, आजी. बुधवारपर्यंत."

अक्का तिच्याकडे पाहत राहिली. बापू जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, तोही सरळ झाला.

"बुधवारपतोर," अक्का म्हणाली. "मग काय. माहेर तरी कुठं जास्ती दिवस असतंय?" आणि बोचके माझ्या हातात दिले. "उभा काय ऱ्हायलास? पायावर पाणी घाल म्हणावं कुणाला तरी. मी ऱ्हायला आलेय."

माहेरी आलेल्या लेकीला दारात थांबवून तिच्या पायांवर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. केतकीने बाटलीबंद पाणी आणले. भाकरी कोठून आणणार? सौभाग्यवतींनी ब्रेडचा तुकडा ओवाळला. अक्का म्हणाली, "हे काय गं?" सौभाग्यवती म्हणाल्या, "वन्सं, पुण्याची भाकरी." अक्का खदखदून हसली. वाशीचे घर गेल्यापासून मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

त्यानंतरचे दोन दिवस अक्काने काडीचेही काम केले नाही. तो तिचा हक्क होता आणि तिने तो पुरेपूर वसूल केला. ढोकीला पहाटेपासून गोठा, चूल आणि आजारी दाजींची उठबस करणारी ही बाई ते सारे बापूवर सोपवून येथे सोफ्यावर मांडी घालून बसे आणि म्हणे, "केतकी, चा टाक गं. साखर सढळ हातानं. कारखान्याची हाय, सरत न्हाय." पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, ईशानने दुधाचा पेला दूर लोटून धपाट्याला हात घातला. सौभाग्यवतींनी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची, आमटी केली. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि वरची एक बाई विचारायला आली, "कुणाकडं पाव्हणं आलंय?" अक्काने तिला आत घेतले, बसवले आणि सांगितले, "पाव्हणी न्हाय मी. माहेराला आलेय." मग त्या बाईने शेजारणीला आणले. पुण्यात आम्ही समोरच्या दारातल्या माणसाचे नाव पाटीवर वाचतो. येथे संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांच्या सासरकथा आमच्या दिवाणखान्यात जमा झाल्या. दारात रांगोळी आली, तिच्याशेजारी पणती आली, आणि फुलबाज्या गॅलरीत नव्हे तर गच्चीवर पेटवण्यात आल्या, याची नोंद असावी.

मालकिणीचा फोन आला. तो मी स्वतः घेतला.

"काका, कॅमेऱ्यात एक आजी जास्तीच्या दिसतात. पाहुणे चालत नाहीत, नियमात लिहिलंय."

"त्या पाहुण्या नाहीत."

"मग कोण आहेत?"

"माहेरवाशीण."

 मग ती म्हणाली, "बरं. पण चादरींना तेल लागू देऊ नका, हं."

मी मागे पाहिले. अक्का पलंगावर बसली होती आणि केतकी तिच्या केसांना वाटीभर तेल चोळत होती. मी म्हणालो, "आपण निश्चिंत असा."

बुधवार

मिलिंदचे म्हणणे असे की बुधवारची सकाळ माझ्या हट्टामुळे बिघडली. तो हट्ट नव्हता, रीत होती. बुधवारी लेकीला माहेराहून सासरी पाठवीत नाहीत. पाठवली तर तिचे पुन्हा येणे होत नाही, असे आमच्याकडे मानतात. ही समजूत शास्त्रीय नाही हे मला कळते. परंतु इतक्या वर्षांनी माहेरी आलेल्या बहिणीला, मालकिणीच्या घड्याळाप्रमाणे, नेमके बुधवारीच घराबाहेर काढणारा भाऊ मी होणार नव्हतो.

सामान बांधून झाले. अक्का सोफ्यावरून हलली नाही. तिने फक्त विचारले, "आज कंचा वार?" सर्वांना ठाऊक होते; सर्वांनी बॅगांच्या चेनी पुन्हा तपासल्या.

अकरा वाजून गेले. मी लातूरला फोन लावला, कारण सांगितले आणि आणखी एक दिवस मागितला.

"काका, बुधवारचं मलाही कळतं हो. माझी आई पण पाठवायची नाही. पण पुढची मंडळी जिन्यात उभी आहेत. त्यांच्याबरोबर बारकी लेकरं आहेत."

खरोखरच दारात एक तरुण जोडपे उभे होते, दोन पेंगुळलेली मुले आणि चार बॅगा घेऊन. कोणी चुकीचे नव्हते आणि कोणी हलू शकत नव्हते. मिलिंद माझ्या कानाशी पुटपुटला, "दादा, आत्याला सरळ सांगा ना." मी त्याला सांगितले की ते वाक्य माझ्या तोंडून एकदा निघाले की ढोकीतले "माहेर मिटलं" हे वाक्य कायमचे खरे होईल.

अक्का उठली. जिन्यातल्या त्या परक्या सुनेपाशी गेली आणि म्हणाली, "ये बाई, दारात उभं ऱ्हाऊ नये. कुकू लावून घे." मग माझ्याकडे वळली. "तात्या, लेकीला बुधवारी पाठवीत न्हाईत, खरंय. पण भावानं बुधवारी बहिणीच्या घरी जाऊ न्हाय, असं कुठं हाय का?"

मी विचार केला. असे कुठेही नव्हते.

"मग मी कुठं चाललेय? तुमी चाललाव माझ्याकडं. मी नुस्ती वाट दाखवायला गाडीत बसते."

मी तत्काळ म्हणालो की माझ्याही मनात हेच होते. सौभाग्यवती हसल्या. त्यांनी हसण्याचे कारण नव्हते.

बॅग उघडून साडी काढली. गव्हाची सोय नव्हती म्हणून तांदळाने ओटी भरली. नारळ वरच्या मजल्यावरच्या बाईने दिला. खण त्या नव्या सुनेने आपल्या बॅगेतून काढून दिला, तुळजापूरला नेण्यासाठी आणलेला होता म्हणाली. माहेर भरलेले राहावे म्हणून अक्काने ओटीतले पाच दाणे परत त्या घराच्या उंबऱ्यात टाकले. दार आपोआप बंद झाले.

ढोकी

अक्काच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा दुपार झाली होती. उसाचा ट्रक कारखान्याकडे गेला आणि त्याची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दारे उघडली नाहीत. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती. अक्काच्या अंगावरची कोरी साडी आणि भरलेली ओटी पाहून तिचे हात थांबले.

"कुठं गेलतीस गं अक्का, दोन दिस?"

अक्का अंगणाच्या दाराची कडी काढत होती. मागे न वळता म्हणाली, "माहेराला."

"वाशीला? तुझ्या भावानं घर इकलं म्हनत व्हतीस की."

"वाशीला न्हाय. धाराशिवाला. दुसरा मजला हाय."

"नवं घेतलं व्हय?"

"भाड्याचं हाय."

म्हातारीने सूप बाजूला ठेवले. "भाड्याच्या घरात माहेर असतंय व्हय, बाई?"

अक्काने दार ढकलले, उंबऱ्यात उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "असतंय. येत्या दिवाळीला पुन्यांदा जाणाराय मी. तवा ये बघायला."

मिलिंद माझ्या शेजारी, हातात बॅगा घेऊन उभा होता. त्याने बॅगा खाली ठेवल्या, मोबाइल काढला आणि लातूरच्या बाईंना विचारले की पुढच्या दिवाळीत फ्लॅट मोकळा आहे का. हा प्रसंग त्याच्या वर्णनातून गळालेला आहे, म्हणून येथे दिला.